आठ वर्षांच्या मुलीला नाशिकमध्ये रिदमिक जिम्नॅस्टिक्सला घालायचंय, उशीर झालाय का?

अजिबात नाही. सीनियर गट 16 व्या वर्षापासून, म्हणजे हातात वेळ आहे. ठाण्याच्या संयुक्ता काळेने 2022 मध्ये खेलो इंडियात पाच सुवर्णपदकं घेतली, त्यामुळे आपल्याकडे हे जमत नाही असं कुणी म्हणू नये.

पण हा नाचाचा क्लास नव्हे. 13 बाय 13 मीटरच्या मॅटवर दीड मिनिटात हूप (मोठी रिंग), बॉल, क्लब्ज (बाटलीच्या आकाराची दांडकी) किंवा रिबन घेऊन कसरत; हातातून सुटलं की गुण कापलेच. सीनियरची रिबन सहा मीटरची, तिला गाठ पडली तरी गुण कापतात!

गंगापूर रोड असो की सिडको, क्लास बघायला गेलात की आधी वर बघा. पंख्याखाली हूप काय फेकणार, कपाळ? आणि पहिल्याच आठवड्यात पोरीला खांदे दाबून स्प्लिटला (पाय पूर्ण फाकवून) बसवत असतील तर सरळ घरी घेऊन या.