अविवाहित असल्याचा दाखला

प्रश्न : मुलगी मिलानमध्ये नोकरीला आहे, तेथील तरुणाशी तिचे लग्न ठरले आहे. नगरपालिका अविवाहित असल्याचा दाखला मागते. तो कोण देईल?

उत्तर : ताई, इटलीच्या नागरी संहितेच्या कलम ११६ नुसार परदेशी वधूला, तिच्या देशाच्या कायद्याप्रमाणे विवाहास आडकाठी नाही, असे ‘नुल्ला ओस्ता’ पत्र द्यावे लागते, त्यासाठी तिने मिलानच्या भारतीय महावाणिज्य दूतावासाकडे अर्ज करावा आणि पत्रावरील सही तेथील ‘प्रेफेत्तुरा’ या इटली सरकारच्या जिल्हास्तरीय कार्यालयात प्रमाणित करून घ्यावी. दूतावासाने तुमचे, म्हणजे पालकांचे, प्रतिज्ञापत्र मागितल्यास ते नोटरीसमोर करून, राज्य शासनाकडून साक्षांकित झाल्यावर परराष्ट्र मंत्रालयाच्या अपोस्टिलसाठी (कागद परदेशात ग्राह्य ठरवणाऱ्या प्रमाणनासाठी) पाठवावे. नावाकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा : पारपत्रात वडिलांचे नाव मुलीच्या नावाला जोडलेले असेल, तर प्रत्येक कागदावर अगदी तसेच हवे.