पांढरं रेशनकार्ड आणि फुकट उपचार

प्रश्न: आईच्या अँजिओप्लास्टीला कर्ज काढलं, पांढरं कार्ड म्हणून योजनेचं कुणी सांगितलंच नाही. सरकारने सगळ्यांनाच फुकट उपचार द्यावेत का, परवडेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, वाचून वाईट वाटलं. पांढऱ्या कार्डालाही महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचा निर्णय २०२३ मध्येच झालाय, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, फक्त हॉस्पिटल योजनेतलं हवं, पुढच्या वेळी तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) आधी गाठा. आणि हो, सगळ्यांना द्यायलाच हवेत. ब्रिटनने १९४८ साली, युद्धाने तिजोरी रिकामी झालेली असताना टॅक्समधून एनएचएस ही सगळ्यांसाठीची सरकारी आरोग्यसेवा उभी केली, त्यामुळे परवडत नाही हे मला पटतच नाही. पण आपल्या योजनेसारखा नुसता विमा पुरत नाही, बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत आणि घर पोखरतं ते तिथेच, म्हणून आधी पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) डॉक्टर आणि औषधं द्या.