युरोपात जुन्या दगडी कुऱ्हाडी घरात ताईत म्हणून का ठेवायचे? आणि त्या जमिनीत पुरलेल्या का सापडतात?

दोन वेगळ्या काळातल्या गोष्टी आहेत या, लोक मिक्स करतात. शेतकऱ्याला नांगरताना गुळगुळीत घासलेला, एका टोकाला धार असलेला दगड सापडला की तो वीज पडली तेव्हा आभाळातून आला असं समजायचे, डेन्मार्कपासून ग्रीसपर्यंत हाच समज, आणि एकदा पडलेली वीज त्याच घरावर परत पडणार नाही म्हणून तो छपरात नाहीतर भिंतीत ठेवून द्यायचे. १६ व्या शतकात व्हॅटिकनच्या बागेचं काम बघणाऱ्या मिकेले मेर्काती यांनी ही माणसाने घडवलेली हत्यारं आहेत असं लिहिलं, पण ते छापून आलं थेट १७१७ मध्ये, म्हणजे ते गेल्यावर सव्वाशे वर्षांनी! मला फार वाईट वाटतं याचं.

पुरणारे मात्र ज्यांनी त्या घडवल्या तेच, नवाश्मयुगातले, म्हणजे घासलेल्या दगडी हत्यारांच्या, सुरुवातीच्या शेतीच्या काळातले. डेन्मार्कच्या दलदलीत गारेच्या (चकमकीच्या दगडाच्या) कुऱ्हाडी एकत्र ठेवलेल्या सापडतात, काही ४० सेंटिमीटरहून लांब, एवढ्या लांब की झाड तोडायला घेतली तर मोडेल, म्हणून बहुतेक अभ्यासक त्यांना अर्पण मानतात आणि मलाही तेच पटतं. इंग्लंडात सॉमरसेटला इ.स.पू. ३८०७ च्या सुमाराच्या लाकडी पायवाटेशेजारी एक हिरवी जेडची कुऱ्हाड मिळाली, दगड आल्प्समधला, आणि धारेवर वापरल्याची खूण नाही.

आपल्याकडेही उत्तर प्रदेशात बांदा भागात अशा कुऱ्हाडी पिंपळाखाली महादेव म्हणून पुजलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना १९ व्या शतकात दिसल्या होत्या.