थर पालथा आहे का ते आधी बघ

अरे, भूगर्भशास्त्राच्या पहिल्याच फील्डला फोल्ड (थरांच्या घड्या) आणि फॉल्ट (खडक तुटून सरकलेली भेग) शोधत धावू नकोस, आधी खडकाच्या थराची मूळची वरची बाजू कुठली ते ठरव, कारण डोंगररांगेत जोरात दाबले गेलेले थर चक्क पालथे झालेले असतात आणि तू जुन्याला नवा समजलास की पुढची सगळी हिस्ट्री उलटी लिहिली जाते. माझा एकदा दोन दिवसांचा मॅप असाच वाया गेलाय.

वाळूच्या दगडावर बोट फिरवून बघ, थर सुलटा असेल तर जाड कण सहसा खाली असतात नि वर बारीक होत जातात. क्रॉस बेडिंग, म्हणजे थराच्या आतल्या तिरक्या रेषा, मिळालं तर फारच छान, सुलट्या थरात त्या रेषा खाली वळून थराला टेकतात आणि वर कापल्यासारख्या तुटतात. क्लीव्हेजपण बघ, म्हणजे दाबामुळे खडक ज्या समांतर पातळ्यांवर फुटतो त्या; थर आणि क्लीव्हेज दोन्ही एकाच बाजूला उतरतायत आणि थर क्लीव्हेजपेक्षा जास्त उभा आहे तर तो बहुतेक पालथाच.

क्रम लावताना कोण कोणाला कापतंय ते बघायचं. १७८८ मध्ये जेम्स हटन या भूवैज्ञानिकाला स्कॉटलंडच्या सिकार पॉइंटला उभ्या थरांच्या झिजलेल्या टोकांवर थोडे कललेले लाल थर दिसले, म्हणजे आधी दाब, मग झीज, मग नवा गाळ. आणि स्केच तिथेच उभं राहून काढ, नुसत्या फोटोवरून नंतर काही कळत नाही.