ग्रीन कार्डाची पाच वर्षं होत आलीयेत? एन-४०० (अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज) भरायच्या आधी हे बघा

पाच वर्षं पूर्ण व्हायच्या ९० दिवस आधी फॉर्म भरता येतो, पण त्याआधी पासपोर्टवरचे शिक्के बघून भारताच्या सगळ्या ट्रिपा तारखेनिशी लिहून काढा, खरी गोची तिथेच होते. पाच वर्षांत निदान ३० महिने अमेरिकेत हवेत हे बहुतेकांना माहीत असतं, पण एकच ट्रिप सहा महिन्यांच्या वर गेली तर सलग वास्तव्य तुटलं असं धरतात, मग घरभाडं, टॅक्स, नोकरी सगळं इथंच होतं हे तुम्हालाच दाखवावं लागतं. आईवडिलांच्या आजारपणात असं होतंच हो, लपवू नका, कागद जोडा.

सिव्हिक्सचं, म्हणजे अमेरिकेचा इतिहास आणि सरकार यावरच्या परीक्षेचं, टेन्शन नको. २० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना नवीन टेस्ट आहे, १२८ प्रश्नांतले २० विचारतात, १२ बरोबर आले की पास, त्यामुळे जुनी १०० प्रश्नांची यादी पाठ करू नका.

आणि शपथ घेतली की भारतीय नागरिकत्व संपतं, आपल्याकडे दुहेरी नाही. भारतीय पासपोर्टवर प्रवास अजिबात करायचा नाही, तो सरेंडर करून ओसीआयला (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं कार्ड) अर्ज करा. गावी जायची तिकिटं ओसीआय किंवा व्हिसा हातात आल्यावरच काढा.