नोटरी करण्याआधी नेमकं काय काय तपासायचं?

तुम्ही लिहिलंय की नोटरीचं सर्टिफिकेट नुकतंच हातात आलंय, लोक एकामागून एक कागद पुढे सरकवतायत, तर शिक्का मारायच्या आधी बघायचं तरी काय काय. मी तालुक्याच्या गावी, तहसीलच्या बाहेर बसून बरीच वर्षं नोटरीचं काम करतोय, त्यामुळे रोज जे करतो तेच सांगतो.

कागद नंतर, आधी माणूस बघा. ज्याची सही आहे तो समोर पाहिजेच. "सही घरूनच करून आणलीय, वडलांना चालवत नाही" असं रोज कुणीतरी म्हणतं आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं, म्हणून तर नाही म्हणायला जड जातं, तरी नाहीच म्हणायचं. वडील खरंच अंथरुणावर असतील तर आपण रजिस्टर घेऊन घरी नाहीतर दवाखान्यात जायचं, पण आपल्या सर्टिफिकेटवर जो एरिया लिहिलाय त्याच्या आतच. आधार ओरिजनल मागा, मोबाईलमधला फोटो चालवून घेऊ नका, आणि त्यावरचा क्यूआर आधारच्या अ‍ॅपने स्कॅन करा. नावात घोळ असतोच, आधारवर सुमन, सातबाऱ्यावर सुमनबाई आणि माहेरचं नाव तिसरंच, तर ते सगळं 'उर्फ' लावून कागदातच लिहून घ्या. ओळखदार म्हणून जो सही करतो त्याला सरळ विचारा की तू यांना कधीपासून ओळखतोस, कारण शेजारच्या टेबलावरचा माणूस दिवसभर सगळ्यांनाच ओळखत असतो.

मग त्या माणसाला कागदात काय लिहिलंय ते कळलंय का. याच्यावर वेळ घालवा, बाकी कशावर नाही घातला तरी चालेल. माझ्याकडे एक सत्तरीच्या बाई आल्या होत्या, सोबत पुतण्या, हातात इंग्रजीत टाईप केलेली, आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारी पावर ऑफ अ‍ॅटर्नी. पुतण्याला म्हटलं जरा झेरॉक्स काढून आण, तो गेल्यावर विचारलं, "मावशी, कशाला आलात?" तर म्हणाल्या, "श्रावणबाळचा पगार चालू करायचाय, त्याचा कागद आहे ना." आणि कागदात होता जमीन विकायचा अधिकार! मी तो कागद मराठीत वाचून दाखवला, बाई गप्प झाल्या आणि उठून गेल्या. शिक्का मी मारला नाही. तेव्हापासून म्हातारं माणूस आणि पावर असली की दोन मिनिटं का होईना पण एकटं बोलल्याशिवाय मी पेन उचलत नाही. अंगठा असेल तर "वाचून दाखवलं, समजावून सांगितलं" हे लिहायचं आणि खरंच वाचून दाखवायचं. नोटरीसमोर झालेली पावर कोर्ट आधी खरीच धरून चालतं, पूर्वी एव्हिडन्स अ‍ॅक्टचं कलम ८५ होतं, आता नवीन साक्ष अधिनियमात ८४, म्हणजे आपल्या शिक्क्यावर कुणाची तरी जमीन जाऊ शकते.

प्रतिज्ञापत्र असेल तर शपथ तोंडाने घ्यायला लावा. मजकूर खरा आहे याची जबाबदारी आपली नसते, ती करणाऱ्याची, हे बरोबर आहे, पण म्हणून डोळे मिटून बसायचं नसतं. वारसाच्या प्रतिज्ञापत्राला मी हमखास विचारतो, "बहिणी किती?" कितीतरी वेळा कागदात नुसते भाऊच असतात आणि बहिणी लग्न होऊन गेल्या म्हणून गाळलेल्या असतात. मग मी तो परत देतो, नावं घालून आणा म्हणतो.

कागदाचं तपासणं त्या मानाने सोपं. रिकाम्या जागा आणि कोरी तारीख असेल तर भरून घ्या, खाडाखोडीवर करणाऱ्याची आणि आपली छोटी सही, प्रत्येक पानावर सही. बाँड पेपर दोन्हीपैकी एका पार्टीच्या नावाने घेतलेला पाहिजे आणि घेऊन सहा महिने उलटलेले नकोत. सरकारी ऑफिसात किंवा कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला आपल्याकडे २००४ पासून स्टॅम्प ड्युटी माफ आहे, तरी गरीब माणूस बाँड घेऊन उभा असतो, त्याला सांगा की साध्या कागदावर चालतं. ट्रू कॉपी ओरिजनल बघितल्याशिवाय करू नका.

काही कागद मुळात आपले नाहीतच. गुंठा-दोन गुंठे नोटरीवर विकत घेतलेले लोक येतात, दस्त सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलाच नाही तर मालकी येत नाही आणि सातबाऱ्याला नाव लागत नाही, हे पैसे देऊन झाल्यावर कळतं त्यांना. भाड्याच्या ॲग्रीमेंटचंही तसंच, अकरा महिन्यांचं असलं तरी महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे कायद्याच्या कलम ५५ ने नोंदणी लागतेच. लग्न किंवा काडीमोड नोटरीवर होत नाही, कितीही विनवण्या करू देत, तुमच्या शिक्क्याच्या भरवशावर एखाद्या मुलीचं आयुष्य टांगणीला लागतं.

आणि रजिस्टर त्याच वेळी भरा, संध्याकाळी एकदम बसून नाही. कागदावरचा नंबर आणि रजिस्टरचा नंबर एकच, पार्टीची आणि ओळखदाराची सही त्यात पण. मला एकदा बऱ्याच वर्षांनी कोर्टाचं समन्स आलं, समोरचा म्हणत होता मी नोटरीकडे गेलोच नव्हतो. रजिस्टर नेलं, त्याच्या नावापुढे त्याचीच सही आणि अंगठा निघाला. अंगठा तेव्हा मी सहज म्हणून घेतला होता, आता सही करता येणाऱ्याचाही घेतो, आणि शेजारी मोबाईल नंबर.