प्लेट तापली, पण जीपीयू का रेंगाळतोय?

प्रश्न: ताई, मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटमधून उष्णता कशी पसरते ते सिम्युलेट केलंय, १००० बाय १००० ची ग्रिड, १०,००० स्टेप्स. साधा सी कोड १५ सेकंदांत होतो आणि तोच जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्स कार्डवर, चालवायला कुडामध्ये लिहिला तर ३५ सेकंद! कुठे चुकतंय?

उत्तर: कोडपण पाठवलास ते बरं केलंस, लगेच दिसलं. कर्नल, म्हणजे कार्डवर चालणारं फंक्शन, ठीक आहे गं, पण स्टेपच्या लूपमध्येच दोन मेमकॉपी टाकल्यास, म्हणजे दर स्टेपला डेटा कॉम्प्युटरच्या मेमरीतून कार्डवर आणि परत. गव्हाचं पोतं गिरणीत न्यायचं, एक फेरा दळायचं, घरी आणायचं, परत न्यायचं, असं १०,००० वेळा.

हिशोब बघ. १० लाख बिंदू, डबल प्रकारच्या संख्येला प्रत्येकी ८ बाइट, झाले ८ एमबी. कार्ड ज्यात बसतं तो पीसीआय एक्सप्रेस ३.० चा १६ लेनचा स्लॉट कागदावर सेकंदाला साधारण १६ जीबी देतो, तर जाऊन-येऊन १ मिलिसेकंद गेलाच, आणि खरा वेग त्याहून कमीच मिळतो. उलट कार्डच्या स्वतःच्या मेमरीत सेकंदाला २०० जीबीचा वेग धरला तर ८ एमबी वाचून ८ एमबी लिहायला ०.०८ मिलिसेकंद. त्यामुळे सुरुवातीला एकदाच कॉपी कर, कार्डवर जुनं आणि नवं तापमान असे दोन अ‍ॅरे ठेव, दर स्टेपला फक्त पॉइंटर अदलाबदल कर, शेवटी एकदाच परत आण. सेकंदाच्या आसपास उरकेल.

डबलऐवजी ४ बाइटचा फ्लोट वापरलास तर डेटा निम्मा होतो, पण ३०० केल्विनच्या आसपास फ्लोटची पायरीच, म्हणजे लागोपाठच्या दोन आकड्यांमधलं अंतर, ०.००००३ ची असते, प्लेट स्थिर व्हायला आली की त्याहून बारीक बदल गिळले जातात, मी स्वतः यात एक अख्खा रविवार घालवलाय. तू डबलच ठेव.

आणि वेग मिळाला म्हणून लगेच ग्रिड २००० बाय २००० करू नकोस. तुझी पद्धत एक्सप्लिसिट आहे, म्हणजे नवं तापमान थेट जुन्यावरून काढणारी. तिचं उत्तर भरकटू नये म्हणून अल्फा (धातूत उष्णता किती पटकन पसरते तो आकडा) गुणिले डेल्टा टी (टाइम स्टेप) भागिले डेल्टा एक्सचा (दोन बिंदूंमधल्या अंतराचा) वर्ग, हे पाव किंवा त्याहून कमी लागतं. अंतर निम्मं केलं की बिंदू चौपट, टाइम स्टेप पाव, म्हणून काम १६ पट. तेवढी बारीक ग्रिड खरंच हवी असेल तर एडीआय वगैरे इम्प्लिसिट, म्हणजे अनेक बिंदूंचं नवं तापमान समीकरणं मांडून एकत्र सोडवणाऱ्या, पद्धती बघ.

वेळ मोजताना मात्र घड्याळ थांबवायच्या आधी डिव्हाइस सिंक्रोनाइझ टाक, म्हणजे कार्डचं काम संपेपर्यंत थांबायची कमांड. कर्नल सुरू झाला की सीपीयू पुढे निघून जातो आणि काम संपायच्या आधीच घड्याळ थांबतं, मग मिळणारा ५०० पट स्पीडअप व्हायवामध्ये पहिल्याच प्रश्नाला कोसळतो.